अजून एक पीळ

आमच्या मामाच्या घरात सहज उघडणारी एकही वस्तू नव्हती. कॉफीची बाटली, जॅमची बरणी, औषधांची झाकणं, न्हाणीघरातला नळ, अगदी टूथपेस्टचं टोपणसुद्धा. एकदा का ते मामाच्या हाताखालून गेलं, की त्याला सील लागलं असंच समजायचं. सुटीत मी तिकडे राहायला गेले की पहिल्याच सकाळी तोंडात पेस्टचा फेस धरून घरभर मामीला शोधत फिरायचे, कारण नळ उघडायचा नाही. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत यायची. ती अंगानं किरकोळ, चपला घालूनही माझ्या आईच्या खांद्यापर्यंत पोचायची नाही. पण तिनं नुसता हात लावला की तो दांडगा नळ मुकाट्यानं पाणी सोडायचा.

"ह्यांनी बंद केलेलं कधी सरळ उघडलंय का?" असं म्हणून ती परत कामाला जायची. हे वाक्य तिच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय, की ते मला तिच्या नावासारखंच वाटतं.

मामाचंही एक वाक्य होतं. कुठलंही झाकण लावून झालं, की तो एक क्षण थांबायचा, श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "अजून एक पीळ." मग मनगटाला एक झटका. त्या झटक्यात बरणीचं भवितव्य ठरून जायचं.

ह्यामागे कारण होतं. मामा एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायचा. मला त्यानं एकदा तिथं नेलं होतं. बुटांच्या तळव्यातून लागणारी गरम फरशी, उकळलेल्या चादरींचा वास, भिंतीवरून गेलेले माझ्या कमरेएवढे जाड पाइप. पाइपाच्या प्रत्येक जोडावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ होती. अर्धी नटावर, अर्धी पाइपावर. मामानं सांगितलं, "जोड आवळला की अशी रेघ मारायची. दोन्ही तुकडे एका ओळीत असले तर जोड जागेवर आहे. सरकले तर समजायचं, काहीतरी हललंय." मग त्यानं शर्टाची बाही वर करून उजवा हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत आणि चकचकीत होती. नवीन असताना त्यानं स्वतःच एक जोड ढिला सोडला होता.

"वाफ दिसत नाही, बरं का," तो म्हणाला. "डोळ्यांना दिसतो तो नुसता धूर. खरी वाफ लागते तेव्हाच कळते."

त्या दिवसापासून गळणारी कुठलीही गोष्ट मामाला सहन झाली नाही. पावसाळी छत्री दारात ठिबकली तरी तो अस्वस्थ व्हायचा. सर्दी झालेल्या माणसाकडे तो कसा बघायचा, ते तर विचारूच नका.

आता गाडीकडे येते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. मामाची गाडी जुनी, सायीच्या रंगाची, घेतली तेव्हाच वापरलेली होती. तिचं ऑइल मामा वर्षातून एकदा घरीच बदलायचा. अंगणात लाकडाचे दोन उतार मांडायचे, त्यांवर पुढची चाकं चढवायची, इंजिन जरा कोमट करून घ्यायचं, मग पोतं अंथरून खाली सरकायचं, बूच काढायचं आणि काळंकुट्ट तेल एका फुटक्या टबात सोडून द्यायचं. इथपर्यंत काही अडचण नसायची. अडचण असायची ती फिल्टरची. हा फिल्टर म्हणजे चहाच्या मोठ्या मगाएवढा पत्र्याचा डबा. इंजिनाला खालून आट्यांवर बसवलेला. तेल त्यातून जातं आणि घाण आत राहते. त्याच्या तोंडाशी एक रबरी कडं असतं. हे कडं तापून फुगतं आणि चिकटतं, म्हणून नवा फिल्टर हातानंच बसवावा, पान्यानं आवळू नये, असं डब्यावरच लिहिलेलं असतं. शेजारी चित्रसुद्धा असतं: हात, आणि पान्यावर फुली.

मामा ते चित्र दरवर्षी बघायचा. मग हातानं फिल्टर बसवायचा, एक श्वास घ्यायचा आणि पट्टा-पाना मागायचा. अजून एक पीळ. वर पांढरी रेघ.

साहजिकच पुढच्या वर्षी तो निघायचा नाही. आदल्या वर्षीच्या मामाशी ह्या वर्षीच्या मामाची कुस्ती लागायची, आणि ती अर्धा दिवस चालायची. गाडीखालून नुसते दोन बूट दिसायचे, आणि हुंकार. मामी पायरीवर बसून शेंगा सोलायची आणि बुटांना उद्देशून म्हणायची, "सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही." शेवटी केव्हातरी खालून आरोळी यायची, "आला रे आला!" आणि कोपरावरून तेलाचा ओघळ सोडत मामा बाहेर यायचा. फिल्टर हातात असा धरलेला, की वाटावं समुद्रातून मासा काढलाय. त्याच्याइतका आनंदी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मला तर पुष्कळदा वाटायचं, तो इतका घट्ट आवळतो तो ह्या आरोळीसाठीच.

हल्ली माझ्या घरात बरणी चटकन उघडली की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. पण ते असू दे.

मी मोठी झाले, एका दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली लागले आणि मामाच्याच गावात, त्याच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आले. मामेभाऊ नोकरीनिमित्त लांब गेला. मामा निवृत्त झाला. गाडी आणि मामी, दोघीही त्याला सांभाळून घेत होत्या. मग एक दिवस फाटकाच्या खांबाला गाडीचा डावा गाल घासला. पुढच्या महिन्यात उजवा. मामा म्हणाला खांब पुढे आलाय. त्यानंतर एकदा तो बाजारातून परतताना वळण चुकला आणि जुन्या सवयीनं थेट इस्पितळाच्या धुलाईघराशी जाऊन उभा राहिला. तिथल्या रखवालदारानं फोन केला, म्हणून आम्हाला कळलं.

मामेभावानं फोनवर स्पष्टच सांगितलं, "बाबा, गाडी विका आता."

मी तिथंच होते. मामाचा चेहरा असा झाला, की मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. ही गाडी गेली की मामा घरातल्या खुर्चीत जाऊन बसेल आणि तिथून उठणार नाही, हे मामीला आणि मलाही दिसत होतं. गाडी राहिली आणि एखाद्या दिवशी तिच्यापुढे खांबाऐवजी माणूस आला तर काय, हेही दिसत होतं.

"एक सांगतो," मामा फोनमध्ये म्हणाला. "माझ्या गाडीचं ऑइल मला स्वतःला बदलता येतंय, तोवर किल्ली माझ्या खिशात. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी मी आपण होऊन खुंटीला लावीन. कुणी सांगायची गरज नाही."

पलीकडून मामेभाऊ बरं म्हणाला. बापाच्या शब्दाला वजन किती, ते त्याला ठाऊक होतं. त्या रात्री जेवताना मामीनं मामाला दोनदा वाढलं.

ऑइल बदलायचा दिवस आला. मी सुटी घेऊन गेले. उतार मांडले, गाडी चढवली, ती मी चढवली हे मामानं कुरकुरत का होईना, चालवून घेतलं. टब लागला, बूच निघालं, तेल वाहून गेलं. मामा गाडीखाली, मी बाजूला उकिडवी बसलेली. त्यानं फिल्टरला हात घातला. नाही. फडकं घेऊन बघितलं. नाही. सँडपेपर गुंडाळून बघितलं. नाही. मग पट्टा-पाना मागितला. हा पाना म्हणजे मूठ आणि तिला अडकवलेला एक पट्टा. पट्टा डब्याभोवती टाकायचा आणि मूठ ओढायची, म्हणजे तो आवळून धरतो आणि फिरवतो. तो एकाच बाजूला धरतो. उलटा घातला की उलट्या बाजूला फिरवतो.

मामानं पट्टा टाकला आणि ओढलं. पट्टा तेलावरून सटकला. परत टाकला, परत ओढलं. त्याच्या श्वासाचा आवाज मला आवडेना. दातांच्या दवाखान्यात राहून मला एक सवय लागलीय. कुणी नुसतं ओढायला लागलं की माझ्या जिभेला खाज सुटते.

"मामा, गॅरेजवाल्याला बोलवू का? तो म्हणे डब्यात स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकतो आणि फिरवून काढतो."

"फोडणं म्हणजे उघडणं नव्हे," गाडीखालून उत्तर आलं. "आणि तो आला, तर काम मी केलं असं होईल का?"

मी फडकं पुढे केलं. त्यानं पुन्हा पट्टा टाकला. ह्या खेपेला पट्ट्यानं धरलं, आणि मामानं सगळा जोर एकवटून ओढलं. काहीतरी करकरलं. मी वाकून आत पाहिलं, फिल्टर हलला का ते बघायला.

हलला होता. इंजिनावरची पांढरी रेघ होती तिथंच होती. फिल्टरवरचा तिचा दुसरा तुकडा बोटभर पुढे सरकला होता, आवळायच्या बाजूला. पट्टा उलटा होता. मामा मघापासून फिल्टर काढत नव्हता, आवळत होता.

ज्या माणसानं आयुष्यभर डोळे मिटून व्हॉल्व्ह फिरवले, त्याला बाजू समजेनाशी झाली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या पाठीमागे मामीची सावली आली. ती पायरीवरून कधी उठली, मला कळलं नाही. तीही वाकून बघत होती. बरण्या उघडण्यात जन्म गेलेल्या बाईला कुठली बाजू कुठली, हे सांगावं लागत नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझे शब्द ओठातल्या ओठात राहिले.

"अहो, बाहेर या बघू," ती गाडीखाली बघून म्हणाली. "चहा निवतोय."

"काम अर्धं टाकून?"

"चहा प्यायला काय जातंय? फिल्टर कुठं पळून जातोय?"

मामा कण्हत बाहेर आला, पायरीवर जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी कप धरला. मामी तोवर पोत्यावर आडवी झाली होती. तिनं माझ्याकडून भांडी घासायचा साबण आणि गरम पाण्यात पिळलेलं फडकं मागून घेतलं, आणि तो डबा एखाद्या तेलकट पातेल्यासारखा स्वच्छ घासला. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी त्याच्याभोवती गुंडाळली. ही पट्टी तिच्या स्वयंपाकघरातल्या खणात कायम असायची. नळांचं, बरण्यांचं सगळं गुपित तीच होती. सगळ्यात शेवटी तिनं पट्टा-पाना सुलटा करून पट्टीवरून टाकला आणि मूठ मामाच्या हाताला येईल अशी ठेवली. सगळं करून ती बाहेर आली, तेव्हा तिच्या केसांना तेल लागलं होतं.

"तेलकट डब्याला पट्टा धरेल कसा?" ती मोठ्यानं म्हणाली. "जरा घासून दिलाय. आता तुम्ही काढा."

मामा परत खाली गेला. मूठ धरली. मी प्राण कानांत आणून बसले होते. खालून एक हुंकार आला, मग दुसरा, मग रबराचा एक लांब चिरका आवाज.

"आला रे आला!"

मी टाळ्या पिटल्या. लहान मुलीसारख्या पिटल्या, लाज नाही वाटली. मामीनं नुसतं हुश्श केलं आणि साबणाची वडी उचलली.

मामानं फिल्टर बाहेर आणला आणि उलटा करून बघितला, जुनं रबरी कडं डब्याबरोबर आलंय ना ते. आलं होतं. मग त्यानं नव्या फिल्टरच्या कड्याला बोटानं तेल लावलं आणि खाली जाऊन तो बसवायला लागला. डबा आट्यांवर फिरत वर गेला आणि टेकला. मामा थांबला. श्वास घेतला. मी पट्टा-पाना पुढे केला, दरवर्षीसारखा. त्यानं तो हातात घेतला, मूठ इकडून तिकडे फिरवून बघितली, जमिनीवर पडलेल्या जुन्या डब्याकडे बघितलं. पाना त्यानं बाजूला ठेवला. दोन्ही हातांनी नवा फिल्टर धरून तो शेवटचा पीळ द्यायला गेला. हात डब्यावरून सटकले. पुन्हा गेला. पुन्हा सटकले. मग त्यानं रंगाची डबी मागितली आणि रेघ मारली. ती वाकडी आली.

नवं तेल घातलं, इंजिन सुरू केलं. थेंब पडला नाही. मी म्हटलं, "झालं की मामा! फत्ते!" तो हसला. न्हाणीघरात जाऊन त्यानं हात धुतले, अगदी कोपरापर्यंत, त्या चकचकीत कातडीवरून हळूहळू साबण फिरवत. बाहेर आला आणि खिशातून किल्ली काढली.

"अहो, असं काय करता?" मामी म्हणाली. "तुम्हीच काढलात ना?"

"काढला मीच," मामा म्हणाला. "पण बाजू तू दाखवलीस."

आणि किल्ली त्यानं खुंटीला लावली. कुणी सांगायची गरज पडली नाही. मामी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. काही धुवायचं नव्हतं तिला.

गाडी विकली नाही. ती मी चालवायचे. त्या दोघांना डॉक्टरकडे, बाजारात, कधी उगीचच गावाबाहेर चक्कर मारायला न्यायचे. मामा शेजारी बसायचा आणि मी हँडब्रेक ओढला की म्हणायचा, "अजून एक पीळ." त्या वर्षात तो हळूहळू लांब गेला. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते, मग मी. बहुतेक वेळा त्याच्या लेखी मी माझी आई असायचे. मला त्याचं वाईट वाटायचं, आणि थोडं बरंही वाटायचं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिला नावानं हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

बरण्या त्याच सुमाराला उघडायला लागल्या. न्हाणीघरातला नळही ठिबकायला लागला. मामीनं खाली भांडं ठेवलं, पण प्लंबर बोलावला नाही. गाडीखालीही तिनं पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवून ठेवला होता. एकदा मी तो बाहेर ओढला, तर त्यावर तेलाचे गोल डाग. फिल्टर झिरपत होता. मी म्हटलं, "मामी, हातानं जरा आवळते मी, क्षणाचं काम आहे."

"राहू दे," ती म्हणाली. "ह्यांच्या हातचं आहे."

मी डोकं खाजवलं, पण ऐकलं. मधूनमधून तेलाची पातळी बघायची, लागेल तसं वरून घालायचं, एवढं करत राहिले. सगळ्या जन्मात ज्या माणसानं थेंब गळू दिला नाही, त्याच्या अंगणात ते वर्षभर ठिबकत होतं आणि मामी पुठ्ठे बदलत होती.

मग तो दिवस पुन्हा आला. ह्या वेळी पोत्यावर मी आडवी झाले. मामाला आम्ही अंगणात खुर्चीत बसवलं होतं, गुडघ्यांवर शाल टाकून. त्याला काय चाललंय ते कळत असेल असं मला वाटलं नव्हतं. बूच निघालं, टबात तेल पडायला लागलं, आणि त्या आवाजासरशी मामा खुर्चीत सरळ झाला.

"रेघ बघितलीस का?" त्यानं विचारलं. आवाज अगदी जुना, धुलाईघरातला.

मी वर बघितलं. ती वाकडी रेघ, अर्धी इंजिनावर, अर्धी डब्यावर.

"जुळतेय, मामा. केसभरसुद्धा सरकलेली नाही." आणि ते खरं होतं.

"मग बरोबर आहे."

मी फिल्टरला हात लावला. पकडायची तयारी करत होते, नुसती बोटं टेकवली, तर तो फिरला. चटकन. नव्या बाटलीचं झाकण फिरतं तसा. आयुष्यात मला काहीही इतकं सोपं नको होतं. तो दोन बोटांत धरून मी तशीच पडून राहिले, वर काळं इंजिन, बाजूला मामाच्या चपला. मग मी तो उलटा फिरवून जागेवर बसवला आणि मोठ्यानं कण्हले.

"निघत नाहीये गं मामी! दगड झालाय नुसता!"

पुठ्ठे बदलणाऱ्या बाईला फिल्टर किती घट्ट आहे, हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग मला तिची पावलं ऐकू आली, आत जाताना आणि घाईनं परत येताना. ती साबण घेऊन आली. गरम फडकं घेऊन आली. खणातली रबराची पट्टी घेऊन आली, पट्टा-पाना घेऊन आली, आणि सगळं माझ्या शेजारी एकेक करून मांडून ठेवलं. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

"ओढू नकोस उगीच," खुर्चीतून मामा म्हणाला. त्याचा चेहरा मला खालून दिसत होता. तो हसत होता. "मी बसवलाय तो. शेवटी अजून एक पीळ दिला होता."

मी पट्टा टाकला, हुंकारले, पुन्हा हुंकारले. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं. मामी खुर्चीशी जाऊन उभी राहिली आणि तिनं मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं, तू किती जोर लावशील!" ती मला म्हणाली. "ह्यांनी बंद केलेलं कधी सरळ उघडलंय का?"